नावापुढची रिकामी जागा

माझ्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, संस्थेत कामाला लागल्या तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. नंतर त्यांनीच मला तिथे चिकटवलं. मी फिरती नर्स आहे. अंथरुणाला खिळलेली, म्हातारी किंवा नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली माणसं असतात, त्यांच्या घरी जाऊन आम्ही जखमा धुतो, पट्ट्या बदलतो, इंजेक्शनं देतो आणि बऱ्याचदा त्यांच्या सुनांची गाऱ्हाणीही ऐकून घेतो. वन्सं ऑफिसात बसून डेटाबेस सांभाळतात. कोणत्या नर्सने कोणत्या दिवशी कोणाकडे जायचं आणि तिथे काय करायचं, याची यादी रोज सकाळी त्यांच्या मशीनमधून निघते. यादीत नाव असलं की आम्ही जातो. नाव नसलं की जात नाही, कारण आमच्या डोक्यात तीनशे पत्ते मावत नाहीत.

म्हणून वन्संच्या जिवाला कायम घोर. इतर ऑफिसांत चूक झाली तर कागद परत येतो, आपल्याकडे चूक झाली तर कुणीतरी दार उघडून वाट बघत बसतं, असं त्या म्हणायच्या. स्कूटरवर मागे बसल्याबसल्या मला विचारायच्या, काल कुणी राहिलं का. मी हेल्मेटच्या आतून नाही म्हणायची. ते त्यांना ऐकू जायचं नाही, मग त्या पुन्हा विचारायच्या, आणि मी सिग्नलला मान वळवून इतक्या जोरात नाही म्हणायची की शेजारचा मोटारवाला दचकायचा.

वन्संनी लग्न केलं नाही. का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. घराच्या मागच्या खोलीत त्या राहतात. तिथे एक पलंग, एक टेबल आणि शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीला पडदा लावायचा की नाही यावर त्या गेली कित्येक वर्षं विचार करताहेत. लग्नानंतर पहिलं वर्ष मी त्यांना घाबरून काढलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या टापटिपीचा मला वैताग आला. हात पुसायचा रुमालसुद्धा त्या कडेला कड जुळवून वाळत घालतात. तिसऱ्या वर्षापासून मात्र घरात त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. माझ्या नवऱ्याला हे अजून कळलेलं नाही, त्याला वाटतं घर तोच चालवतो.

संगणकाचं त्या पस्तिशीनंतर शिकल्या. संस्थेत टायपिस्ट म्हणून आल्या होत्या, तेव्हा सगळी माहिती पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायची. कार्डं जाऊन डेटाबेस आला, तेव्हा संध्याकाळचा वर्ग लावून त्यांनी डेटाबेसशी बोलायची भाषा शिकून घेतली. डेटाबेस म्हणजे तक्ते. एका तक्त्यात रुग्ण, दुसऱ्यात त्यांची जवळची माणसं, तिसऱ्यात भेटी. हा तक्ता त्या तक्त्याला जोड, त्यातून आजचे दे, असं प्रत्येक वेळी लिहून विचारायचं. त्याला क्वेरी म्हणतात. वन्सं प्रत्येक क्वेरी स्वतः, शब्दन् शब्द लिहायच्या आणि पाठवण्याआधी ओठातल्या ओठात वाचायच्या. ऑफिसातले लोक म्हणायचे, बाई मंत्र म्हणताहेत, आता यादी येईल.

मग गेल्या वर्षी जुना प्रोग्राम मोडकळीला आला. फोनवर चालेल असा नवा हवा, असं साहेबांनी ठरवलं आणि बाहेरून एक प्रोग्रामर बोलावला. चाळिशीचा, शांत माणूस, छातीपर्यंत दाढी. आम्ही सगळ्या त्याला दाढीवाले म्हणायचो, आणि त्याला ते माहीत होतं. दाढीवाल्यांनी सांगितलं की आता हाताने क्वेरी लिहायची गरज नाही. एक लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून, पारखून ठेवलेला अवजारांचा संच. तक्ते कसे आहेत आणि कुणाचं कुणाशी काय नातं आहे, हे एकदा तिला सांगायचं. मग आपण साध्या शब्दांत 'रुग्ण' म्हणायचं, 'रुग्णाचं जवळचं माणूस' म्हणायचं, आणि क्वेरी तीच लिहिते, तीच नेऊन विचारते, तीच उत्तर आणून हातात ठेवते.

वन्संना हे पटलं नाही. घरी येऊन भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या की म्हणजे आता मध्ये मध्यस्थ आला, मी एक बोलणार आणि तो आत जाऊन भलतंच सांगणार. मी म्हटलं, वन्सं, मी तुमच्या भावाशी अशीच तर बोलते, तुमच्यामार्फत. त्यावर त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिकायला बसल्या, कारण शिकायला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नाही.

लायब्ररीची एक गोष्ट मात्र त्यांना लगेच आवडली. केलेले बदल ती लगेच डेटाबेसमध्ये लिहीत नाही. सगळे हातात धरून ठेवते, आणि आपण 'कमिट' म्हटलं की एकदम पक्के करते. मध्येच काही बिनसलं तर सगळं सोडून देते, अर्धवट काही मागे ठेवत नाही. वन्संना वाटलं, हे माणसांनीही करायला हवं. घरात तो शब्द सुरू झाला. खिडकीच्या पडद्याचं विचारलं की म्हणायच्या, अजून कमिट केलं नाही. स्वयंपाकघराची भिंत रंगवून देतो असं माझा नवरा वर्षभर म्हणत होता, त्याच्याबद्दल तर त्या म्हणाल्या की याचं आयुष्यभर एकही कमिट नाही. तो काही समजला नाही, पण आपल्याबद्दल काही चांगलं बोललं गेलं नाही एवढं त्याला कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे इको. लायब्ररीला सांगून ठेवलं तर ती डेटाबेसला जे जे विचारते ते संगणकाच्या पडद्यावर छापत जाते. दाढीवाल्यांनी ही सोय शिकताना चूक शोधायला दाखवली होती. वन्संनी ती कायमचीच चालू ठेवली. मध्यस्थ आत जाऊन काय बोलतो ते त्यांना दाराबाहेर उभं राहून ऐकायचं होतं. दिवसभर त्यांच्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकायच्या आणि त्या चष्मा कपाळावर ढकलून त्या वाचायच्या, पुन्हा ओठ हलायला लागायचे. दाढीवाले एकदा मला जिन्यात म्हणाले, तुमच्या नणंदबाईंसारखं मी कुणालाच पाहिलं नाही, लोक हे कधी वाचत नाहीत.

त्या वाचनातच त्यांना एक खोट सापडली. यादी काढायला फार वेळ लागत होता. सकाळी आम्ही नर्सेस पिशव्या खांद्याला लावून ताटकळत उभ्या आणि प्रिंटर गप्प. इको वाचून वन्संच्या लक्षात आलं की लायब्ररी आधी सगळे रुग्ण आणते, आणि मग एकेका रुग्णाच्या जवळच्या माणसाचं नाव आणि फोन आणायला पुन्हा पुन्हा आत जाते. रुग्ण तीनशे, म्हणजे खेपा तीनशे. बाजारात जाऊन आधी मीठ आणावं, मग परत जाऊन मिरची आणावी, तसं. दाढीवाल्यांनी त्यांना दाखवलं की दोन्ही तक्ते जोडून सगळं एकाच खेपेत आणता येतं. आणि त्या सोयीतच आणखी एक छोटी खूण होती. प्रत्येक रुग्णाला जवळचं माणूस असणारच आहे, अशी खात्री असेल तर ती खूण करायची, म्हणजे काम आणखी झटपट होतं.

वन्संनी नोंदणीचा फॉर्म उघडून पाहिला. जवळच्या माणसाच्या रकान्यापुढे तारा होता, म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. खात्री होती. त्यांनी खूण केली. दाढीवाल्यांनी चाचणीसाठी पन्नास खोटे रुग्ण तयार केले होते, त्यांच्यावर चालवून पाहिलं. पन्नासच्या पन्नास आले. यादी क्षणात निघाली. साहेब स्वतः येऊन प्रिंटरपाशी उभे राहिले आणि वा म्हणाले. खऱ्या कामावर जाताना इको बंद करा, उगाच मशीनला ओझं, असं दाढीवाले म्हणाले. एवढं झटपट चाललेलं काम आपल्या संशयी स्वभावापायी अडवायला वन्संना संकोच वाटला असणार. त्यांनी इको बंद केला.

नवा प्रोग्राम सुरू झाला तो आठवडा फार सुखाचा गेला, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याने आमच्या वाटाही नव्याने आखल्या होत्या. जवळजवळची घरं एकीकडे, त्यामुळे जुने रुग्ण हिच्याकडचे तिच्याकडे गेले, पण तंगडतोड वाचली. माझ्या ओळखीचं कुणी माझ्या यादीत दिसलं नाही की मी समजायची, दुसरीकडे गेलं. दुसरीही तसंच समजायची. आम्ही जेवणाच्या सुट्टीत खरोखर जेवायला लागलो. एक नर्स तर खुर्चीवर बसून झोपली आणि कुणी तिला उठवलं नाही.

वन्सं मात्र घरी ताटातलं चिवडत बसायच्या. शेवटी एकदा त्यांनी मला विचारलं की तुमचं काम इतकं लवकर कसं संपतं. मी भडकले. वर्षानुवर्षं पाय मोडून घेतले, आता जरा बरं चाललंय तर तेही यांना खुपतं. मी म्हटलं, वाटा नीट आखल्या म्हणून संपतं, तुमच्याच प्रोग्रामने आखल्या. त्या म्हणाल्या, वाटा आखून चालणं कमी होईल गं, माणसं कशी कमी होतील? मी ताट उचलून आत निघून गेले. पण ते वाक्य माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस भरल्याभरल्या वन्संनी इको चालू केला आणि यादी पुन्हा काढली. पडद्यावर आता तीनशे खेपा नव्हत्या, एकच लांबलचक क्वेरी होती. ती त्यांनी सुरुवातीपासून वाचायला घेतली. रुग्णांच्या तक्त्याला जवळच्या माणसांचा तक्ता जोडला होता तिथे नुसतं 'जॉइन' होतं. त्यांनी हाताने लिहिली असती तर तिथे 'लेफ्ट आउटर जॉइन' लिहिलं असतं. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात डावीकडचे, म्हणजे इथे रुग्ण, सगळे येतात, त्यांना उजवीकडे जोडीदार मिळो न मिळो. नुसत्या जॉइनमध्ये ज्याला जोडीदार मिळाला तोच येतो. ज्याला नाही मिळाला तो येत नाही, आणि आला नाही असं कुणी सांगतही नाही.

फॉर्मवरचा तारा नवा होता. त्याच्या आधी, कार्डांच्या काळात आणि जुन्या प्रोग्राममध्येही, ज्यांना कोणी नव्हतं त्यांची ती जागा रिकामीच सोडलेली होती. दाढीवाल्यांच्या खोट्या माणसांना सगळ्यांना नातेवाईक होते. खरी माणसं तशी नसतात.

वन्संनी ती खूण काढली आणि यादी पुन्हा काढली. सात जण जास्त आले.

मी तेव्हा एका आजोबांचा रक्तदाब बघत होते. फोन वाजला. वन्संनी कधी कामाच्या वेळात फोन केलेला नव्हता, म्हणून मी उचलला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, उलट जास्तच सावकाश. "सात जण आठवडाभर राहिलेत," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी नावं वाचते, त्यातलं तुझ्या जवळपास कोण राहतं ते सांग."

सहाव्या नावापर्यंत मला फार भीती वाटली नाही. बहुतेकांचं काम आठवड्यातून एकदा रक्तदाब बघण्याचं. त्यातल्या दोघांनी संस्थेत फोनही केला होता, आणि नवा प्रोग्राम आहे, वेळा बदलल्यात, येतील हं, असं फोनवरच्या बाईंनी त्यांना गोड शब्दांत सांगितलं होतं. सातवं नाव शिलाईबाईंचं होतं. त्या पूर्वी माझ्याच वाटेवर होत्या. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, आता साखरेचा आजार आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी न भरणारी जखम. दिवसाआड पट्टी बदलायची होती. साखरेच्या माणसाच्या पायाची जखम आठवडाभर उघडायची नाही, म्हणजे काय ते कुठल्याही नर्सला सांगावं लागत नाही. मी आजोबांच्या दंडावरचा पट्टा सोडला, त्यांची माफी मागितली आणि निघाले.

वन्सं माझ्या आधी तिथे पोहोचल्या होत्या. रिक्षा करून आल्या होत्या, पायात ऑफिसातल्या घरगुती चपला तशाच. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर पांढरं आच्छादन. शिलाईबाई खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. दार उघडंच होतं. आम्हाला बघून त्यांनी आधी मशीनवरची कात्री उचलून खणात ठेवली, पाहुण्यांसमोर पसारा नको म्हणून.

पायाला पट्टी होती. जुनीच पट्टी त्यांनी धुऊन, वाळवून, पुन्हा बांधली होती आणि टोकाला दोन टाके घातले होते. टाके इतके सुरेख होते की माझ्याने कात्री लाववेना. पट्टी सोडली तेव्हा मात्र मला वासावरूनच कळलं. जखम अंगठ्यावरून शेजारच्या बोटापर्यंत गेली होती. मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला. हात चालू होते म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच रडले असते.

वन्सं त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. तुम्ही फोन का नाही केला, असं त्यांनी विचारलं, आणि त्यात राग नव्हता.

"मला वाटलं, काढलं मला यादीतून," शिलाईबाई म्हणाल्या. "किती वर्षं येणार कुणी? काढलंच असेल तर फोन करून त्या बिचाऱ्या पोरींना कशाला अवघडायचं?"

"काढलं नव्हतं. मी मशीनला प्रश्न चुकीचा विचारला."

कसला प्रश्न, ते त्यांना समजेना. वन्सं म्हणाल्या, "ज्यांना कोणी आहे, अशी सगळी माणसं दे, असं विचारलं. सगळी माणसं दे, एवढंच विचारायला हवं होतं."

 शिलाईबाई अगदी सरळपणे म्हणाल्या, "मग मशीनने बरोबरच सांगितलं की."

वन्संनी उठून मशीनवरचं पांढरं आच्छादन कडेला कड जुळवून सारखं केलं. 

दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. अंगठा वाचला, शेजारचं बोट वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असता तर पाऊल गेलं असतं. वन्सं रोज संध्याकाळी जाऊन बसायच्या.  मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याबद्दल जीवही तुटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळायचं ते कळत नसल्यामुळे मी नवऱ्याशी भांडले. त्याने त्या रविवारी भिंत रंगवली.

ऑफिसात वन्संनी सकाळी सगळ्या नर्सेससमोर उभं राहून काय झालं ते सांगितलं. दाढीवाले म्हणाले, पन्नास खोटी माणसं माझी, तेव्हा अर्धी चूक माझी धरा. त्या म्हणाल्या, धरते, पण वाचायचं मी थांबवलं. साहेब तसे भले आहेत. त्यांनी कुणाला दोष दिला नाही आणि उपायही सुचवला. ज्यांची ती जागा रिकामी आहे तिथे सरसकट संस्थेचं नाव घालून टाका. सगळ्यांना जवळचं माणूस मिळेल, खूणही राहील, यादीही झटपट निघेल, आणि पुन्हा कुणी गळणार नाही.

आम्हाला सगळ्यांना ते पटलं. मला तर फार छान वाटलं. ज्याला कोणी नाही त्याच्यापुढे आमचं नाव. वन्सं मात्र नाही म्हणाल्या. साहेबांना त्या आजवर कधी नाही म्हणालेल्या नव्हत्या.

"माणसं बरोबर आहेत, साहेब. प्रश्न चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "प्रश्न सोयीचा व्हावा म्हणून माणसं कशाला बदलायची? आणि उद्या तुम्हीच विचाराल, आपल्याकडे अगदी एकटं कोण कोण आहे. दोन दिवस वीज गेली, पूर आला, तर आधी त्यांच्याकडे धावायला हवं. तिथे संस्थेचं नाव घातलं तर मशीन म्हणेल, एकटं कुणीच नाही. तेव्हाही ते बरोबरच सांगत असेल."

साहेब म्हणाले, ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं. वन्संनी जोडणी बदलली. यादी निघायला आता किंचित जास्त वेळ लागतो, आणि प्रत्येक यादीच्या आधी प्रोग्राम रुग्णांचा तक्ता वेगळा मोजतो, जोडलेला वेगळा मोजतो, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर छापतच नाही. इकोही चालू असतो. आम्ही पुन्हा पिशव्या घेऊन ताटकळतो, पण आता कुणी कुरकुरत नाही.

शिलाईबाई घरी आल्यावर त्यांची पट्टी माझ्याकडेच आली. पहिल्या दिवशी वन्सं माझ्याबरोबर आल्या. जखम स्वच्छ होती. बोट गेल्याचं शिलाईबाईंना फारसं काही नव्हतं, पायडल मारायला एवढी बोटं लागत नाहीत म्हणाल्या. मी पट्टी बांधत होते तेव्हा वन्संनी त्यांना हळूच विचारलं की तुमच्या नोंदीत जवळचं माणूस म्हणून माझं नाव लिहिलं तर चालेल का. साहेबांना नाही म्हणणाऱ्या या बाईने हे विचारावं याचं मला नवल वाटलं. मग लक्षात आलं की साहेब सरसकट भरा म्हणत होते, आणि वन्सं फक्त एकीचं, तेही तिला विचारून, लिहिणार होत्या.

शिलाईबाईंनी मान हलवली. "नको. चुकीपोटी नका लिहू," त्या म्हणाल्या. "येत जा. खरंच जवळच्या झालात की मीच सांगेन लिहायला."

वन्सं बरं म्हणाल्या. जाताना त्यांनी पुढच्या आठवड्याचा वारही विचारून घेतला.

आम्ही दोघी घरी आलो. घराच्या फाटकाशी मी स्कूटर थांबवली, तरी त्या उतरेनात. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील.

"तुला एक विचारायचं राहिलंय," त्या माझ्या पाठीमागून म्हणाल्या. "ऑफिसात माझी स्वतःची जी नोंद आहे, त्यात जवळचं माणूस म्हणून तुझं नाव आहे. पुष्कळ वर्षं झाली. तुला विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, सख्खा भाऊ असताना माझं कसं?

"तो फोन उचलत नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि तू येशील हे मला माहीत होतं. तरी विचारायला हवं होतं. चालेल ना?"

  मी म्हटलं, "यात विचारायचं काय, वन्सं? आधी उतरा आणि फाटक उघडा, गाडीचा तोल जातोय माझा."